चिपच्या संशोधनाला पैसा कुठून येतो

चिपची आखणी एका दमात होत नाही. चिपने काय करायचे ते आधी व्हेरिलॉगसारख्या भाषेत लिहून काढतात. त्या वर्णनातून सॉफ्टवेअर गेटांचे जाळे तयार करते. मग मेमरीचे मोठे ठोकळे आणि लाखो लहान गेट सिलिकॉनच्या तुकड्यावर कुठे बसवायचे ते ठरते, त्यांच्यामधल्या तारा ओढल्या जातात आणि शेवटी वेग, वीज व जागा या तिन्ही हिशेबांत आखणी बसते का ते तपासले जाते. बसली नाही तर मागे जाऊन पुन्हा सुरुवात. एकेका फेरीला तास लागतात, मोठ्या चिपला दिवस. मशीन लर्निंग इथे दोन कामांसाठी आले. पुढच्या टप्प्यात तारांची कोंडी कुठे होईल, कोणता सिग्नल उशिरा पोचेल याचा अंदाज फेरी पूर्ण होण्याआधीच बांधणे, हे पहिले. ठोकळा कुठे ठेवायचा हा निर्णयच यंत्राकडे सोपवणे, हे दुसरे. या विषयात पीएच.डी. करणाऱ्याला जगण्यासाठी लागणारा पैसा आणि त्याच्या प्रयोगांना लागणारा पैसा ही दोन वेगळी खाती आहेत. देशातल्या बहुतेक योजना पहिले खाते भरतात. दुसरे खाते संस्थेचे नाव पाहून भरते, आणि छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरातल्या संशोधकाची खरी अडचण तिथे सुरू होते.

प्रयोगांना एवढा पैसा का लागतो, ते एका लहान हिशेबावरून कळते. समजा, एका जोडणीला तीन टोके आहेत. पहिले डावीकडून २ आणि खालून ३ एककांवर, दुसरे १० आणि ३ वर, तिसरे ६ आणि ९ वर. तिन्ही टोके सामावणारा सर्वांत लहान आयत काढला तर त्याची रुंदी ८ आणि उंची ६ भरते, बेरीज १४. तारेच्या लांबीचा हा कामचलाऊ अंदाज, पण मांडणी तोलण्याचे हे या क्षेत्रातले नेहमीचे माप आहे. तिसरे टोक ९ वरून ५ वर उतरवले की बेरीज १० होते, तार आखूड होते. पण त्या जागी दुसरे काहीतरी आधीच बसलेले असते आणि ते हलवले की त्याच्या जोडण्या लांबतात. संशोधनात नमुना म्हणून नेहमी घेतल्या जाणाऱ्या आरियान या खुल्या प्रोसेसरमध्ये मेमरीचेच १३३ ठोकळे आहेत. लहान गेट वेगळेच. सगळ्या शक्य मांडण्या तपासणे कोणत्याही संगणकाला जमणारे नाही. म्हणून गेली चाळीसेक वर्षे सिम्युलेटेड अॅनिलिंगसारख्या युक्त्या वापरात आहेत: मांडणी थोडी थोडी हलवत राहायची, सुधारली तर ठेवायची, बिघडली तरी सुरुवातीला काही वेळा चालवून घ्यायची आणि हळूहळू कडक व्हायचे. हजारो मांडण्या पाहून शिकलेले यंत्र याहून लवकर चांगल्या मांडणीपर्यंत पोचेल, हा मशीन लर्निंगचा दावा.

तो दावा जगभर गाजला तो जून २०२१ मध्ये. गूगलच्या अझालिया मिरहोसेनी, अॅना गोल्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये लेख लिहिला. अनुभवी अभियंत्यांना महिनोन् महिने लागणारी मोठ्या ठोकळ्यांची मांडणी आपली पद्धत सहा तासांच्या आत करते आणि कंपनीच्या टीपीयू चिपसाठी ती वापरली आहे, असे त्यात म्हटले होते. पुढे जे घडले ते पीएच.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचावे असे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतले अँड्र्यू कांग आणि त्यांच्या गटाने ही पद्धत स्वतः उभी करून पाहिली आणि २०२३ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांच्या चाचण्यांत जुने सिम्युलेटेड अॅनिलिंग आणि बाजारातले सॉफ्टवेअर बहुतेक ठिकाणी सरस ठरले. गूगलचे उत्तर होते की, या चाचणीत यंत्राला आधीचे प्रशिक्षण दिलेच नव्हते आणि संगणकही फार कमी वापरले होते. ‘नेचर’ने लेखाची पुन्हा तपासणी केली आणि २०२४ मध्ये लेखकांची पुरवणी प्रसिद्ध केली, गूगलने याच सुमारास पद्धतीला ‘अल्फाचिप’ असे नाव दिले. वाद अजून मिटलेला नाही. पण तो कशावर अडला हे नीट पाहायला हवे. मूळ प्रयोगातल्या चिपांची माहिती कंपनीबाहेर जाऊ शकत नव्हती आणि तेवढे संगणक विद्यापीठाकडे नव्हते. ज्याच्याकडे माहिती आणि यंत्रे आहेत त्याचा निष्कर्ष दुसऱ्याला पडताळता येत नसेल, तर अशा ठिकाणी सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संशोधनाची गरज वाढते.

यंत्रांचा खर्च किती, याचा एक अंदाज एनव्हिडियाच्या ‘प्रीफिक्सआरएल’ या कामावरून बांधता येतो. बेरीज करणाऱ्या सर्किटांची रचना त्यात यंत्राने शिकून घेतली. ६४ बिटांच्या बेरजेसाठी त्याने काढलेले सर्किट नेहमीच्या सॉफ्टवेअरच्या सर्किटापेक्षा २५ टक्के कमी जागेत बसले आणि वेग तेवढाच राहिला. कंपनीच्या हॉपर पिढीच्या जीपीयूमध्ये यंत्राने आखलेली सुमारे १३,००० सर्किटे आहेत. पण ६४ बिटांच्या त्या एका प्रयोगाला जीपीयूचे ३२,००० हून अधिक तास लागले, आणि एकेका जीपीयूमागे २५६ सीपीयू वेगळे. भारत सरकारच्या इंडियाएआय मिशनमध्ये जीपीयू सवलतीत साधारण ६५ रुपये ताशी मिळतो. त्या दरानेही नुसत्या जीपीयूचे बिल २० लाख ८० हजार होते. यूजीसीची कनिष्ठ संशोधन फेलोशिप, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलण्यातली जेआरएफ, २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. दोन वर्षांनी वरिष्ठ फेलोशिप, म्हणजे एसआरएफ, झाली की ४२,०००. पाच वर्षांची बेरीज बरोबर २४ लाख, घरभाडे वेगळे. म्हणजे एक प्रयोग जवळपास एका माणसाच्या पाच वर्षांच्या जगण्याएवढा. असा प्रयोग एकदाच करून भागतही नाही. पहिला फसतो, दुसरा सुधारतो, परीक्षक तिसरा करायला सांगतात.

चिप आखण्याची साधने जगाला मिळाली तीच मुळी अशा पैशातून आणि अशा विद्यार्थ्यांकडून. सर्किट प्रत्यक्ष बनवण्याआधी ते कसे वागेल हे सांगणारे ‘स्पाइस’ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत तयार झाले. लॉरेन्स नेगल या विद्यार्थ्याने ते प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन यांच्या हाताखाली लिहिले. १९७३ मध्ये ते जगासमोर आले आणि १९७५ मध्ये नेगल यांचा प्रबंध झाला. विद्यापीठाने ते मागेल त्याला दिले. आजही अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांत त्याचीच पिलावळ चालते, मराठवाड्यातल्या सुद्धा. १९८१ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेच्या पैशावर ‘मोसिस’ सुरू झाले. एकाच वेफरवर अनेक विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांच्या चिपा बनवायच्या आणि खर्च वाटून घ्यायचा, ही त्यामागची योजना. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या चिप कंपन्यांनी मिळून सेमीकंडक्टर रिसर्च कॉर्पोरेशन उभे केले आणि विद्यापीठांतल्या पीएच.डी.च्या कामाला कंपन्यांचा पैसा नियमित मिळू लागला. साधन, कारखाना आणि विद्यार्थी या तिघांचा खर्च तिथे एकत्र धरला गेला. भारतात या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या टेबलांवर मंजूर होतात.

मोसिसला पैसा देणाऱ्या याच अमेरिकी संरक्षण संस्थेने २०१८ मध्ये चिपची आखणी माणसाच्या मदतीशिवाय २४ तासांत व्हावी या उद्देशाने नवा कार्यक्रम हाती घेतला. त्यातून कांग यांच्या नेतृत्वाखाली ‘ओपनरोड’ हे खुले सॉफ्टवेअर आले. गूगलच्या दाव्याची पडताळणी करणाऱ्यांनीच ते उभे केले, हा योगायोग नव्हे. खुले साधन हाताशी असल्याशिवाय अशी पडताळणी होऊच शकत नाही. त्याच कार्यक्रमातला दुसरा प्रकल्प ‘अलाइन’ हा अॅनालॉग सर्किटांच्या मांडणीचा. त्याचे नेतृत्व मिनेसोटा विद्यापीठातल्या प्रा. सचिन सापटणेकर यांनी केले. आयआयटी मुंबईतून १९८७ मध्ये बी.टेक., १९९२ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून पीएच.डी. आणि तेव्हापासून चिपच्या आखणीचे गणित, अशी त्यांची वाट. अॅनालॉग सर्किटांची मांडणी आजही बहुतांशी हाताने होते. कोणते दोन ट्रान्झिस्टर अगदी सारखे आणि शेजारी हवेत, कोणती जोडी सममित हवी, हे अनुभवी अभियंता आराखडा पाहून ओळखतो. ‘अलाइन’ने ही ओळख यंत्राला शिकवण्याचा प्रयत्न केला आणि सगळा कोड खुला ठेवला. संभाजीनगरच्या दृष्टीने हा प्रकल्प गूगलच्या कामापेक्षा जवळचा आहे. त्याचे कारण पुढे येईल.

भारतात या विषयासाठी थेट म्हणता येईल अशी योजना विश्वेश्वरय्या यांच्या नावाची. इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान खात्याने ती २०१४ मध्ये सुरू केली, ३,००० पीएच.डी. हे तिचे उद्दिष्ट होते, निम्मे इलेक्ट्रॉनिक्समध्ये आणि निम्मे माहिती तंत्रज्ञानात. नोकरी सांभाळून पीएच.डी. करणाऱ्यांनाही तिने मोजले, आणि प्रबंध पूर्ण झाल्यावर त्यांना अडीच लाख रुपये देण्याची सोय केली. मराठवाड्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत असे संशोधक पुष्कळ. दिवसभर तास घ्यायचे, संध्याकाळी सिम्युलेशन लावायचे. २०२१ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला तेव्हा पूर्णवेळ जागा १,००० आणि अर्धवेळ फक्त १५० ठेवल्या गेल्या. पूर्णवेळ विद्यार्थ्याला पहिली दोन वर्षे ३८,७५० आणि पुढची तीन वर्षे ४३,७५० रुपये; पाच वर्षांत २५ लाख ५ हजार. अर्धवेळ जागा एवढ्या आटल्या याचा फटका आयआयटीला बसत नाही. तो जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांना बसतो.

पंतप्रधान संशोधन फेलोशिप सर्वांत घसघशीत. पहिली दोन वर्षे ७०,०००, मग ७५,०००, शेवटची दोन वर्षे ८०,००० आणि वर्षाला २ लाखांचे संशोधन अनुदान. सगळे मिळून ५५ लाख. पण ती आयआयटी, आयआयएस्सी, आयसर आणि क्रमवारीत वर असलेल्या मोजक्या संस्थांपुरती. इंडियाएआय मिशनमधून पीएच.डी.ला मिळणारी फेलोशिपही एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीतल्या पहिल्या ५० संस्थांसाठी. विद्यार्थी कितीही हुशार असो, पत्ता बदलल्याशिवाय त्याला तिथे अर्ज करता येत नाही. फेलोशिप विद्यार्थ्याची गुणवत्ता पाहून द्यायला हवी. संस्थेची क्रमवारी हा तिचा पहिला दरवाजा असणे चुकीचे आहे, आणि ज्या विषयाला देशात माणसेच अपुरी आहेत त्या विषयात तर जास्तच.

उरतात ती राज्याची दारे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी पुण्याची बार्टी, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी, इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरची महाज्योती. या संस्थांच्या फेलोशिपा साधारण यूजीसीच्या धर्तीवर आहेत आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातल्या अनेक संशोधकांचे घर त्यांवर चालते. पहिल्या पिढीतला शिकणारा मुलगा किंवा मुलगी संशोधनात टिकते ती या पैशामुळे. त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. मात्र या योजना विषय पाहत नाहीत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला आणि चिपच्या विद्यार्थ्याला रक्कम सारखीच, आणि जीपीयूचे तास किंवा सॉफ्टवेअरचे लायसन्स हे शब्द त्यांच्या नियमांत बसत नाहीत. शिवाय हप्ता वेळेवर पडेल याची खात्री नसते. जागा आणि रक्कम कमी होऊ नये म्हणून गेल्या काही वर्षांत संशोधकांना आंदोलनेही करावी लागली. तीन महिन्यांचे भाडे थकलेला माणूस मांडणीच्या गणितात डोके घालू शकत नाही.

संभाजीनगर शहरात या विषयाची जमीन मात्र जुनी आहे. विद्यापीठाच्या आवारातच केंद्र सरकारची इलेक्ट्रॉनिक्स आखणीची संस्था ऐंशीच्या दशकापासून आहे. जुने लोक तिला अजून सीईडीटीआय म्हणतात. २०११ पासून तिचे नाव नायलिट. इथे इलेक्ट्रॉनिक्स आखणीतले एम.टेक. चालते, तशीच पदविकाही चालते, त्यामुळे सोल्डरिंग करणारा हात आणि सर्किट आखणारा हात एका छताखाली तयार होतात. २०२४ मध्ये नायलिटला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. रोपड हे मुख्य केंद्र आणि देशभरातल्या ११ घटकसंस्थांमध्ये संभाजीनगर एक. मराठवाडा विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात ध्वनी, बायोमेट्रिक्स आणि दूरसंवेदन या विषयांवर वर्षानुवर्षे काम झाले आहे, म्हणजे मशीन लर्निंग जाणणारे गाइड आहेत. १९६० पासूनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, एमजीएमचे जेएनईसी, देवगिरी, एमआयटी ही महाविद्यालये गावातच. एका बाजूला सर्किटवाले, दुसऱ्या बाजूला यंत्राला शिकवणारे, आणि दोघांमध्ये चालत जाण्याएवढे अंतर. चिपसाठी मशीन लर्निंग हा विषय या दोघांनी मिळून करायचा आहे. एका विद्यार्थ्याला दोन विभागांतले दोन गाइड देण्याची तरतूद नियमात आहे, ती वापरली गेली पाहिजे.

बाजारातल्या सॉफ्टवेअरचा प्रश्न केंद्राच्या ‘चिप्स टू स्टार्टअप’ कार्यक्रमाने काही अंशी सोडवला. सिनॉप्सिस, केडन्स आणि सीमेन्स यांच्या साधनांचे लायसन्स एकेका महाविद्यालयाला परवडत नाही. बंगळूरच्या सी-डॅकमधले ‘चिपइन’ केंद्र ती साधने शंभराहून अधिक संस्थांना दूरून वापरू देते आणि त्यांच्या आखण्या गोळा करून मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत पाठवते. सगळ्यांच्या चिपा एकत्र बनतात. मोसिसची तीच कल्पना, चाळीस वर्षांनी. कार्यक्रमाचे उद्दिष्ट ८५,००० अभियंत्यांचे आहे, पण त्यांत पीएच.डी. फक्त २००. बाकीचे बी.टेक. आणि एम.टेक. कारखान्यांना हात हवे आहेत हे खरे. परंतु ओपनरोड किंवा अलाइनसारखी साधने बी.टेक.च्या प्रकल्पातून येत नाहीत. ती चार-पाच वर्षे एकाच प्रश्नाला चिकटून बसलेल्या माणसाकडून येतात.

मोहालीत १८० नॅनोमीटरची प्रक्रिया चालते. मोबाइलच्या चिपांच्या तुलनेत ती कितीतरी जुनी. पण सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांना भेट दिलेला इस्रोचा ‘विक्रम’ प्रोसेसर त्याच प्रक्रियेवरचा आहे. संभाजीनगरच्या गरजाही याच टप्प्यातल्या. वाळूजमध्ये १९८५ पासून बजाज ऑटो, शेंद्र्यात स्कोडा, आणि आता बिडकीनला एथर व टोयोटा किर्लोस्कर येऊ घातल्या आहेत. वीजगाडीत बॅटरीवर लक्ष ठेवणारी, मोटर चालवणारी, तापमान व विद्युतप्रवाह मोजणारी सर्किटे लागतात. ती बहुतांशी अॅनालॉग किंवा मिश्र असतात आणि त्यांना तीन नॅनोमीटरची गरज नसते. म्हणूनच सापटणेकरांच्या धर्तीवरचे काम इथल्या संशोधकाच्या आवाक्यातले आहे: लहान सर्किट, थोडे ठोकळे, जीपीयूचे हजारो तास नकोत, आणि ज्याला उपयोग आहे तो कारखाना पंधरा-वीस किलोमीटरवर. त्या कारखान्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून किंवा संशोधन विभागातून दोन-चार फेलोशिपा निघाल्या, तर त्यांत लायसन्स आणि चिप बनवण्याचा खर्चही धरता येईल. सरकारी फेलोशिपच्या नियमात तो बसत नाही.

पैशाआधी वेळेचा हिशेब मांडावा लागतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे; महिलांना आणखी दोन. फेलोशिप पाच वर्षांची. त्यातले पहिले सहा महिने ते वर्ष पेट ही प्रवेशपरीक्षा, विषय मंजूर करणारी आरआरसी समिती आणि कोर्सवर्क यांत जाते. आखणी मोहालीला गेली की चिप हातात यायला महिने लागतात आणि तोवर चुकीची दुरुस्ती करता येत नाही. म्हणजे पाच वर्षांत चिप बनवण्याच्या फार तर दोन संधी. पहिली चिप तिसऱ्या वर्षाच्या आत गेली नाही तर दुसरीचे निकाल फेलोशिप संपल्यावर येतात. अशा वेळी गाइड बहुधा प्रत्यक्ष चिपचा आग्रह सोडतात आणि प्रबंध सिम्युलेशनवर उभा राहतो.

चिप बनवायची नसेल तरी यंत्राला शिकवायला माहिती लागते. इथे खुल्या गोष्टींनी दार उघडले आहे. २०२० मध्ये गूगलच्या पैशावर स्कायवॉटर कंपनीच्या १३० नॅनोमीटर प्रक्रियेचे नियम खुले झाले, नंतर ग्लोबलफाउंड्रीजचे १८० नॅनोमीटरचे आणि जर्मनीच्या आयएचपी संस्थेचे १३० चे. चीनमधून ‘सर्किटनेट’ नावाचा खुला माहितीसंच आला. साध्या डेस्कटॉपवर ओपनरोड बसवून, या नियमांनी हजारो लहान आखण्या काढून, त्यांवर कोंडीचा अंदाज बांधणारे यंत्र संभाजीनगरच्या नागसेनवनातल्या एखाद्या खोलीतही शिकवता येते. मोहालीची प्रक्रिया मात्र खुली नाही. तिचे नियम हवे असतील तर गुप्ततेचा करार करावा लागतो. तो करार संस्थेशी होतो, विद्यार्थ्याशी होत नाही; आणि त्या नियमांवर आधारलेली माहिती, म्हणजे यंत्राला शिकवण्याचा मालच, प्रबंधाबरोबर प्रसिद्ध करता येत नाही. १८० नॅनोमीटरची ही प्रक्रिया आता जुनी आहे आणि लॅबोरेटरी २०२३ पासून इलेक्ट्रॉनिक्स खात्याच्याच अखत्यारीत आहे, तेव्हा तिचे नियम संशोधनासाठी खुले करायला एका खात्याचा निर्णय पुरेसा आहे.